बायजाला दिलेले शॉक

गडब गावच्या बायजाला मूतखडा झाला, तेव्हा सून अपेक्षा तिला पेणच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. नवरा हैबतराव भातकापणीत अडकलेला, मुलगा गणेश कंपनीत शिफ्टवर.

"आजी, शॉक वेव्ह द्यायची आहे," डॉक्टर म्हणाले, तशी बायजा टेबलावरून उतरायलाच लागली.

"करंट नाही हो! हायवेसाठी डोंगरात सुरुंग लावतात, तेव्हा तुमच्या घरातली भांडी वाजतात ना? कुणी हात लावलेला नसतो, नुसता हादरा पोचतो. तसाच हादरा मशीनमधून आत जाणार. कातडीला ओरखडा नाही, खडा मात्र फुटणार."

मशीन टकटक करू लागलं. पाठीत कुणी टिचक्या मारतंय असं बायजाला वाटत राहिलं.

बाहेर अपेक्षाने शेजारच्या सरूला फोन लावला. "आईंना शॉक देतायत, वेळ लागंल..." एवढ्यात बॅटरी संपली.

सरू धावत शेतावर गेली. "अवो भावजी, बायजाच्या डोक्याला शॉक देतायत!" हैबतरावाच्या हातातला विळा खाली पडेपर्यंत बातमी हायवेवरच्या टपरीवर पोचली होती. दुपारी ती बातमी रोह्याला बायजाच्या धाकट्या बहिणीकडे, शांतीकडे गेली, तोवर तिच्यात चौघांनी बायजाला धरून ठेवलं होतं आणि ती डॉक्टरांना चावली होती.

संध्याकाळी बायजा रिक्षातून उतरली तर अंगणात ही गर्दी. सरू पुढे झाली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "मला वळखलंस काय गो?"

"व्हय तर. तू पेणची तहसीलदारीण!"

कुणी हसलं नाही. मागे कुणीतरी मुसमुसलं. जन्मात कधी स्वतःच्या हाताने पाणी न घेतलेला हैबतराव तांब्या भरून घेऊन आला. अपेक्षा खरं काय ते सांगणार, इतक्यात बायजाने तिच्या पायाचा अंगठा आपल्या पायाखाली दाबला.

दुसऱ्या दिवशी हैबतरावाने चहासुद्धा केला. मग बायजाचा धीर चेपला.

"मला स्कूटी शिकायची हाय."

दोन वर्षं ती हेच मागत होती आणि 'या वयात? लोकं हसतील' म्हणून हैबतराव उडवून लावत होता. आता तो घाईघाईने म्हणाला, "शिक गो, शिक! फक्त डोक्याला ताप करून घेऊ नको."

शिकवायला मैत्रीण रशिदा आली. तिचा नवरा कुवेतला, त्यामुळे बाजार, बँक सगळं ती स्कूटीवरूनच करायची. कापणी झालेल्या शेतात बायजा सुटली. "ब्रेक, बायजा, ब्रेक!" रशिदा ओरडतेय तोवर स्कूटी बांध ओलांडून पेंढ्याच्या उडवीत घुसली. केसांत पेंढा घेऊन बायजा बाहेर आली ती खिदळतच.

"बघ, एकटीच हसतेय," बांधावर उभा हैबतराव काळजीने सरूला म्हणाला.

पुढच्या आठवड्यात शांती बहिणीला बघायला रेल्वेने निघाली. "मी आणते तिला कासू स्टेशनावरनं," बायजाने जाहीर केलं. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून हैबतराव मागे बसला. आतल्या रस्त्याने जाताना त्याने तिचा खांदा घट्ट धरला होता.

"बायजा, तू बरी होशील. मी हाय ना."

ते ऐकून तिला राहवेना. तिने वेग कमी केला आणि सगळं सांगून टाकलं. खडा, मशीन, सरूला केलेला अर्धवट फोन.

हैबतरावाने मागून मान पुढे काढली.

"म्हंजे डोक्याला काय नाय?"

"काय पण नाय."

"आनि मी रोज चहा केला?"

"साखर जास्त पडते तुमची."

आवाज यायच्या आधी तिच्या पाठीला हादरा बसला. हैबतरावाचं पोट गदगदत होतं. मग तो असा हसत सुटला की स्कूटी रस्ताभर नागमोडी धावू लागली, आणि बायजाही ओरडून हसू लागली.

स्टेशनाबाहेर पिशवी छातीशी धरून शांती उभी होती. डोळ्यांतून पाणी काढत, एकमेकांना थोपटत आलेली ती जोडी तिने पाहिली आणि मोठ्याने गळा काढला.

"अगो आये! दोघांना पन शॉक दिले काय गो?"

हैबतरावाने हसतच स्कूटीवर मागे सरकून तिला मधे जागा करून दिली.