जाळ्याआडची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे. त्या पाटीला निदान रोज कुणाचा तरी हात लागतो. मी लोखंडी पत्र्याची, दोन पायांवर उभी असलेली सरकारी पाटी आहे. भडगावच्या वरच्या अंगाला गिरणा नदी बंधाऱ्यामुळे फुगून लांबट डोह बनते, त्या डोहाच्या काठी मी सात वर्षं उभी आहे. तुम्ही तिथून गेला असाल, तर मला पाहिलंही असेल. वाचलं असेल असं मात्र मी म्हणणार नाही.

माझा जन्म जळगावात, पिंप्राळ्यातल्या हितेंद्र पेंटरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, रिक्षा उभी राहील एवढा पत्र्याचा आडोसा. हितेंद्रने मला आधी तांबडा रंग दिला, मग पांढरा, आणि निळ्या अक्षरांत वर मोठ्याने लिहिलं, ‘सूचना’. त्या वेळी माझ्या शेजारी एका मिठाईच्या दुकानाची पाटी वाळत होती. तिच्यावर लाल जिलेबी काढली होती. मला वाटलं, माझ्यावरही काही तरी छान काढतील. पण माझ्या वाट्याला नुसती अक्षरं आली. चार ओळी होत्या. जून आणि जुलै, माशांच्या विणीचे महिने, मासेमारी बंद. बारीक डोळ्याची जाळी वापरू नयेत. पाणमांजर हा संरक्षित प्राणी आहे, त्याला पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नाही म्हणून लहान अक्षरांत, पाण्याच्या काठावर जाळी ठेवू नयेत.

ही चौथी ओळ लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य तिच्यापाशी येऊन थांबलं.

मला नदीवर आणलं त्या दिवशी मोठी गंमत होती. दोन जीपगाड्या आल्या, खड्डे खणले, माझे पाय काँक्रीटमध्ये रोवले. मच्छीमार सोसायटीचे लोक जमले. कुणीतरी हार घातला, कुणीतरी फोटो काढला. मी इतकी फुगले की काही विचारू नका. मला वाटलं, आता रोज अशीच वर्दळ राहणार. संध्याकाळी सगळे गेले. हार दोन दिवसांत सुकला आणि तिसऱ्या दिवशी एका शेळीने तो खाल्ला.

त्यानंतर मला एकटेपण म्हणजे काय ते कळलं. समोर पाणी, मागे बाभळी. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाखरूसुद्धा बसायचं नाही. गाई पाठ घासायला यायच्या आणि पाठ घासून जायच्या. भोई मंडळी पहाटे माझ्या समोरून डोहात उतरत, दुपारी परत येत, पण माझ्याकडे मान वर करून कुणी पाहत नसे. मला अक्षरं दिली होती, आवाज दिला नव्हता.

माझ्याकडे मुद्दाम येणारी पहिली मंडळी माणसं नव्हती. ती पाणमांजरं होती.

एका हिवाळ्यात सकाळी पाण्यातून तीन-चार चपटी डोकी वर आली. अंग झटकत ती काठावर चढली आणि नेमकी माझ्या पायाशी येऊन बसली. मला वाटलं, चला, कुणाला तरी आपली किंमत कळली. तेवढ्यात त्यांनी शेपट्या वर केल्या आणि माझ्या पायाशी घाण केली! मी रागाने लाल झाले असते, पण मला पांढरा रंग होता. पुढे कळलं की पाणमांजरं ठरलेल्या एकाच जागी शी करतात. ती त्यांच्या घराची खूण असते. म्हणजे त्यांनी मला आपल्या घरात घेतलं होतं. मग मला तो वाससुद्धा आवडू लागला. हसू नका. ज्याच्याकडे कुणीच येत नाही, त्याला विचारा.

त्यांच्यामुळे माझ्याकडे एक माणूसही येऊ लागलं. दिपमालाताई वनरक्षक होत्या. महिन्यातून दोनदा त्या स्कूटरवरून येत, ती वाळलेली विष्ठा कागदी पाकिटात भरत, त्यातले माशांचे खवले उन्हात धरून बघत आणि वहीत लिहून ठेवत. मागच्या वर्षी डोहावर पाच पाणमांजरं होती, दोन मोठी आणि तीन पिल्लं. सगळ्यात धाकट्या पिल्लाच्या गळ्यावर पांढरा ठिपका होता. त्याला माझ्या डाव्या पायाला पाठ घासायची सवय होती. गाईही पाठ घासत, पण पिल्लू घासून झालं की वर माझ्याकडे पाहायचं. त्या पाहण्यासाठी मी दिवसभर उभी राहत असे.

आता छगनभाऊंबद्दल सांगते. छगनभाऊ भोई साठीचे असतील. माणूस सरळ. बंदीच्या दोन महिन्यांत त्यांनी कधी गळसुद्धा टाकला नाही. त्यांच्याकडे एकच मोठं जाळं होतं. त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, दोन हिवाळे ओट्यावर बसून ते विणलं होतं. डोळे मोठे, तीन बोटं आरपार जातील असे. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून वरच्या दोरीला जुन्या चपलांचे तुकडे कापून बांधले होते, म्हणजे ती दोरी तरंगत राही.

आमच्या डोहावर एक रीत होती. ३१ मेला, बंदीच्या आदल्या दिवशी, सगळे भोई नदीला नारळ फोडत, जाळी स्वच्छ धूत, काठावर वाळवत आणि दुसऱ्या दिवशी घरी नेऊन माळ्यावर टाकत. पहिल्याच वर्षी छगनभाऊंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझी छाती धडधडली. वाटलं, वाचतात वाटतं!

“हाई पाटी बेस शे,” ते म्हणाले. “जाळं आठेच वाळी जाई.”

“तिनावर काय लिखेल शे, देखा तरी,” यशोदाबाई म्हणाल्या.

“लिखेल ऱ्हाई सरकारनं काही. माले कोठे वाचता येस?”

आणि त्यांनी ते ओलं जाळं माझ्यावर पसरलं. माझी चारही वाक्यं झाकली गेली. जाळी काठावर ठेवू नयेत, हे वाक्य तर सगळ्यात आधी.

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. मला ते आवडलं. वर्षभर ज्या अंगाला कुणी हात लावला नाही, त्या अंगावर कुणीतरी हाताने विणलेलं काही घातलं होतं. त्याला माशांचा, पाण्याचा, माणसांचा वास होता. माझ्या अक्षरांचं काय होतंय याचा मी विचारच केला नाही. दर वर्षी मी ३१ मेची वाट पाहू लागले. काम विसरून लाड करून घेणं म्हणजे काय, ते माझ्याकडून शिका.

मागच्या वर्षीही जाळं माझ्यावर आलं. वरची दोरी माझ्या डोक्याला गुंडाळली होती आणि खालचा घोळ पायाशी दगडांवर पडला होता. त्याच संध्याकाळी छगनभाऊ आणि यशोदाबाई भाचीच्या लग्नाला दोंडाईच्याला गेले. सकाळी परत येऊन जाळं नेऊ, असं म्हणाले होते. पण लग्नघरातून इतक्या लवकर कोण कुणाला सोडतं? त्यांचा मुक्काम वाढला.

इकडे वरच्या धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं. गावात निरोप आला होता. काठावरचे पंप आणि जनावरं लोकांनी हलवली. जाळ्याची आठवण कुणाला झाली नाही, आणि ज्यांना झाली असती ते मांडवात होते. आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता आणि पाणी चढू लागलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. चढत्या पाण्याने खालचा घोळ ओढला, तशी वरची दोरी एका बाजूने सुटून खाली आली. चपलांचे तुकडे तरंगले, घोळ उलगडला आणि जाळं पाण्यात अगदी टाकल्यासारखं उभं राहिलं. मासेमारी बंद असलेल्या डोहात, मासेमारी बंद म्हणणाऱ्या पाटीला बांधलेलं.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पाणमांजरं आली. मोठी दोघं थबकली. पण धाकट्याला माझ्या पायाशी यायची सवय होती. ते सरळ माझ्याकडेच आलं.

तिथलं मी फार सांगत नाही. मी ओरडू शकले नाही. वाकू शकले नाही. माझ्या पायाला ओढ बसत होती, ती हळूहळू कमी झाली आणि थांबली. मोठं पाणमांजर, त्याची आई, भोवती फिरत राहिली. ती शीळ घातल्यासारखी हाक मारत होती. पुन्हा पुन्हा, तशीच.

दुपारी पाणी सुटल्याचं कळून छगनभाऊ आणि यशोदाबाई धावत आले. छगनभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरले, त्यांनी जाळं वर उचललं आणि तसेच उभे राहिले. पांढरा ठिपका त्यांना दिसला होता.

यशोदाबाईंनी चारी बाजूंना पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल, ते मला कळतं. बंदीत जाळं पाण्यात, त्यात मेलेलं पाणमांजर. परवाना जाणार, जाळं जाणार, वर गुन्हा. दोन हिवाळ्यांची त्यांची बोटं त्या जाळ्यात होती.

“कोनीच देखेल नही,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “पिल्लू पुरी टाका. जाळं काढी ल्या. चाला घर.”

छगनभाऊंनी डोहाकडे पाहिलं. मग म्हणाले, “देखेल शे.”

“कोन?”

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. डोहाच्या मध्यावर एक चपटं डोकं होतं आणि ती शीळ अजून चालू होती.

“त्यानी मायनी देखं,” छगनभाऊ म्हणाले. “तिले मी काय सांगू?”

यशोदाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मग त्यांनीच पिशवीतून मोबाइल काढून नवऱ्याच्या हातात दिला.

दिपमालाताई तासाभरात आल्या. त्यांनी पंचनामा केला, फोटो घेतले, पिल्लाला तपासणीसाठी पांढऱ्या कापडात गुंडाळलं. जाळं जप्त केलं. ते माझ्यावरून सोडवताना यशोदाबाईंनी एकेक गाठ स्वतः सोडवली, सुरी लावू दिली नाही.

“छगनभाऊ, काठावर जाळं ठेवू नका, असं पाटीवरच लिहिलंय ना?” ताईंनी विचारलं.

“माले वाचता येस नही, ताई. आनि येतं तरी काय? पाटीवर मनंच जाळं व्हतं.”

ताई लिहिता लिहिता थांबल्या. “इतकी वर्षं मी इथे येतेय,” त्या म्हणाल्या. “वाकून शी गोळा करून जाते. तुम्हाला एकदा वाचून दाखवावं, एवढं मला सुचलं नाही.”

चौकशी झाली. जाळं मासेमारीसाठी टाकलं नव्हतं आणि भाऊंनी स्वतःहून कळवलं, म्हणून शिक्षा थोडक्यात झाली. एका हंगामापुरता परवाना थांबला. तो हंगाम छगनभाऊंनी दुसऱ्याच्या केळीच्या बागेत मजुरी करून काढला. यशोदाबाईंनी ओट्यावर नवं जाळं विणायला घेतलं.

परवाना थांबलेला असतानाच छगनभाऊ एकदा ताईंना माझ्यापाशी घेऊन आले. “ताई, अक्षरं बठ्ठा लोकेसले येतस नही,” ते म्हणाले. “आठे चित्र काढा.”

आणि मित्रांनो, माझा जन्मदाता हितेंद्र पेंटर जळगावहून मोटारसायकलवर आला. केस पिकले होते. त्याने माझा गंज घासला, अक्षरं पुन्हा निळी केली. चौथी ओळ मोठी लिहिली. मग मध्ये चित्र काढलं, एक जाळं आणि त्याच्यासमोर एक पाणमांजर. छगनभाऊ शेजारी उभे होते. “गळाले पांढरा ठिपका द्या,” एवढंच ते म्हणाले. एके काळी मला चित्र हवं होतं. असं मिळेल, हे ठाऊक नव्हतं.

आता भोई मंडळींनी वर, पाणी कधी पोचणार नाही अशा जागी, जाळी वाळवायला बांबूचा मांडव केला आहे. या वर्षीच्या ३१ मेला छगनभाऊंनी नवं जाळं तिथेच घातलं. मग खाली येऊन त्यांनी ओल्या फडक्याने माझ्यावरच्या पिल्लाच्या चित्रावरची धूळ पुसली आणि घरी गेले. माझ्यावर आता कुणी काही टाकत नाही. माझी सगळी अक्षरं वाचता येतात. आणि मी पूर्वीपेक्षा जास्त एकटी आहे, कारण पाणमांजरं त्या दिवसानंतर माझ्या पायाशी आलेली नाहीत.

जूनमध्ये पुन्हा आवर्तन सुटलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. सकाळी वरच्या वळणावरून शीळ ऐकू आली. ते चपटं डोकं मी लगेच ओळखलं, पिल्लाच्या आईचं. ती डोहाच्या मध्यापर्यंत आली, माझ्याकडे पाहत राहिली आणि तिथूनच परत फिरली.

मित्रांनो, नदीवर याल तेव्हा मला वाचा. तुमच्याबरोबर कुणी वाचू न शकणारं असेल, तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा. जाताना जाळं, दोरी, पिशवी, काही म्हणजे काही काठावर सोडून जाऊ नका. माझ्या अंगावर आता काही नाही, पायाशी काही नाही, एवढंच मला त्या आईला सांगायचं आहे. पण पाणमांजरांना वाचता येत नाही. तिला ते तुमच्या वागण्यातूनच कळेल.