त्रेचाळीस मडक्यांची राख

हमामची भट्टी तळघरात, आणि त्या भट्टीपुढे बा मिलूद एकतीस वर्षं. वर अंघोळीला गरम पाणी मिळतं ते मिलूदमुळे, हे माराकेशच्या त्या मोहल्ल्यात कुणी फारसं बोलत नसे. पण शुक्रवारचं जेवण मिलूदमुळे, हे शेंबडं पोरही सांगे. बाप्ये सकाळीच खाटकाकडून मातीच्या उंच मडक्यात मटण, लसूण, जिरं, खारवलेलं लिंबू भरून आणणार, तोंडाला कागद बांधणार आणि मडकं मिलूदच्या हवाली करणार. तो ते गरम राखेत पुरणार. दुपारी बाहेर काढलं की हाड नुसतं हलवावं, मटण सुटून येतं. तांजिया म्हणतात तो हाच.

पुढे सरकारनं ठरवलं, देशाचा धूर कमी करायचा. चांगलंच ठरवलं हो, डोंगर बोडके झाले होते! हमामांनी लाकूड सोडावं, गच्चीवर पाणी तापवणाऱ्या सूर्यनळ्या घ्याव्यात, खाली ऑलिव्हचं तेल काढून उरलेल्या चोथ्यावर चालणारी बंद भट्टी घ्यावी. यंत्र सरकारचं. मालक हाज थामी हुरळूनच गेला. अट एकच होती: महिन्याभरात लाकूड सत्तर टक्क्यांनी घटलं पाहिजे. घटलं तर मिलूदची जुनी लाकडाची चूल विटांनी बंद. नाही घटलं तर यंत्र उचलून दुसऱ्या हमामला.

यंत्र बसवायला आली इत्तिमाद, फेस शहरातली इंजिनियर, तिशीही न ओलांडलेली. तिनं मिलूदला एक बटण दाखवलं. "बा, तुम्ही आता फक्त ह्याच्यावर लक्ष ठेवायचं."

मिलूदनं नव्या भट्टीत डोकावून पाहिलं. नव्या भट्टीतून राख पडायची ती घमेलंभर, त्यात एक बटाटा धड भाजला नसता. मडकी कुठे पुरायची? आणि मडकी गेली तर मिलूद कोण? बटणाचा राखणदार! मग त्यानं केलं काय, तर शुक्रवारपुरती राख साठावी म्हणून महिनाभर रोज पहाटे गुपचूप जुनी चूल पेटवली आणि तोंडाला पत्रा लावून ठेवला. मोहल्ल्यातले सगळे बाप्ये मूग गिळून गप्प.

महिना भरला तो शुक्रवार होता. इत्तिमादनं उरलेलं लाकूड तोललं. घट बावन्न टक्के.

"बावन्न!" हाज थामी तिच्यावर उखडला. "अगं, यंत्र बसवलंस की खेळणं? फेसवाल्यांना पाठवलं की हे असं होतं!"

पोरीनं पाना उचलला. गच्चीवर गेली, नळ्या तपासल्या. खाली आली, पाइपांशी गुडघे टेकून बसली. पुन्हा वर. तिसऱ्यांदा खाली आली तेव्हा हात काळे झाले होते आणि डोळे भरले होते. "माझं पहिलंच यंत्र," ती कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली.

मिलूदला ते ऐकू गेलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ, पोरी," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही. चोर मी आहे." आणि त्यानं पत्रा ओढला.

राखेत त्रेचाळीस मडकी ओळीनं बसली होती. जिऱ्याचा वास तळघरभर घमघमला. हाज थामीनं कपाळावर हात मारून घेतला, कारण त्यातलं एक मडकं त्याचं स्वतःचं होतं.

इत्तिमादनं एकेक मडकं मोजलं. मग म्हणाली, "हीच मडकी घरी गॅसवर ठेवली तर?"

"घरी?" मिलूदनं कानांना हात लावले. "तोबा तोबा! पाच-सहा तास गॅस जाळायचा? आणि चव? फेसला कुकरमध्ये शिजवत असाल, इथं नाही!"

"त्रेचाळीस घरं, पाच-सहा तास," ती पुटपुटली आणि कागदावर आकडे मांडू लागली. "म्हणजे ही चूल बंद केली तर धूर इथला कमी होणार आणि घराघरात गॅस वाढणार. बा, आमच्या त्या एवढ्या मोठ्या योजनेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही हो!"

"मग राहू दे ना चूल."

"लाकूड नाही. एक काडीसुद्धा नाही. चोथ्याची राख धग धरते का?"

"मला काय ठाऊक?"

"मग कुणाला ठाऊक असणार? करून बघा आणि मला सांगा. मी राजधानीला, रबातला लिहिते. पण शब्द देत नाही, साहेब लोक काय म्हणतील सांगता येत नाही."

मिलूदनं करून बघितलं. पहिल्या दिवशी मटण चामड्यासारखं राहिलं आणि त्यानं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी गोम सापडली: चोथा ओलसर करून जुन्या चुलीत दाबून भरायचा. राख मैद्यासारखी बारीक पडली आणि लाकडाच्या राखेपेक्षा उशिरापर्यंत ऊन राहिली. त्यानं निरोप धाडला. तीन आठवडे उत्तर नाही. त्याचं जेवणावरचं मन उडालं. रोज वाटे, आज विटा घेऊन गवंडी येणार.

चौथ्या शुक्रवारी जिन्यावर पावलं वाजली. गवंडी नव्हता. इत्तिमाद होती, हातात कागद बांधलेलं मडकं.

"माझंही लावा, बा."

मिलूदनं सवयीनं मडकं नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा उतरला. "कांदा? तांजियात कांदा? अगं बाई, काय केलंस हे! असलं काही माझ्या राखेत जायचं नाही!"

"तुमच्याच राखेत जाणार," इत्तिमाद हसून म्हणाली आणि पिशवीतून सरकारी शिक्क्याचा कागद काढला. "चूल चोथ्यावर चालू राहणार, आणि राख तुमचीच. लिहूनच आणलंय."

मिलूदला वाचता येत नव्हतं. तिनं बोट ठेवून त्याचं नाव दाखवलं. त्यानं राखेचा हात सदऱ्याला पुसला आणि त्या नावावरून बोट फिरवलं. मग त्यानं कांद्याचं मडकं उचललं आणि मधोमध, सगळ्यात चांगल्या जागी पुरलं.