कुजबुजीतलं भांडण

बोर्गहिल्डने वाळकं समुद्रशेवाळ झटकलं, मुठीने चेपून बदकांसाठी रचलेल्या दगडी खोप्यात कोंबलं आणि मागे न बघताच कुजबुजली, "कळवलंस का त्यांना?"

"नाही अजून." इंग्विल, तिची लेक, तितक्याच हळू बोलली.

मऊ पिसांसाठी जपलेली आयडर बदकं अंडी घालायला किनाऱ्याला लागली की या बेटावर कोणी आवाज चढवत नाही. दारंसुद्धा हाताने धरून लावतात. बोर्गहिल्डला आज त्या रिवाजाचा भारी राग आला. पोटच्या पोरीला झापायचं, तेही घसा दाबून!

"उत्तरासाठी दुपारपर्यंतच थांबणार आहेत ते. कायमची नोकरी आहे, बये. पिण्याचं पाणी तपासायची. शहर आहे तोवर बुडायची नाही."

"रोज त्याच बाटल्या, तेच जंतू. म्हातारी होईपर्यंत."

"आणि आत्तापर्यंत काय केलंस? आधी दगडफुलांच्या मागे हिंडलीस, मग कुणा प्राध्यापकाच्या गोगलगायी वळल्यास. करार संपला की उचललं बोचकं. चौतिशीत खिडकीला स्वतःचा पडदा नाही! जीवशास्त्र म्हणे. भिंतीवरच्या कोळ्याचा संसार तुझ्याहून पक्का."

"तू जन्मभर मासे चिरलेस. कंटाळा नाही आला?"

"कंटाळायला सवड कुणाला होती?"

तेवढ्यात एक मादी पाण्यातून वर आली. दोघी होत्या तिथेच खाली बसल्या. मादी डुलत आली, खोप्यात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. इंग्विलचा श्वास थांबला होता. बोर्गहिल्ड बदकाकडे नाही, पोरीच्या खुललेल्या तोंडाकडे बघत होती, आणि या बदकांपायी ही नोकरी घालवणार म्हणून तिला आणखीच चीड आली.

मादी आत स्थिरावली. इंग्विलने फोन काढून दोन ओळी लिहिल्या.

"झालं. येते म्हणून कळवलं."

"आत्ता कशी शहाण्यासारखी वागलीस." बोर्गहिल्डने पुढचा खोपा साफ करायला घेतला. "पुढच्या मे महिन्यात रजा काढून ये. माझ्याच्याने एवढे खोपे होत नाहीत."

"रजा जुलैत, आई. सगळ्यांना एकदमच."

जुलैत इथे काय असतं? रिकामे खोपे. पिल्लांना घेऊन बदकं केव्हाच समुद्रावर गेलेली. बोर्गहिल्डने शेवाळ उचललं, तसंच खाली ठेवलं.

"विचारून तर बघ. माझ्यासाठी नाही गं. पाखरांना तुझ्या हाताची सवय आहे."

"रुजू व्हायच्या आधीच रजा मागू? काय म्हणतील ते?"

बोर्गहिल्डने हात स्कर्टला पुसला आणि पुढे केला.

"दे तो फोन इकडे. साहेबाचं नाव काय?"