देव्हाऱ्यातली दोन रेघांची पट्टी

मी गर्भ तपासायची पट्टी बोलतेय. हसू नका, आज मी भयंकर चिडलेय.

जन्म माझा कारखान्यातला, मुक्काम पोलादपूरच्या मेडिकलात. दुकानदार मला वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, जणू मी चोरीचा माल! तिथून दीपकने मला घरी नेलं. त्याच्या बायकोच्या, अपेक्षाच्या, पोटातल्या बाळाचे ठोके थांबले होते. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन पोट मोकळं केलं आणि पुन्हा तपासायला बोलावलं होतं. दीपकला वाटलं, आधी घरीच बघून घेऊ.

अपेक्षाने मला लघवीत बुडवलं. मी खरं तेच दाखवलं, दोन रेघा.

"राहिलंय गो!" सासू बयाबाई ओरडल्या. "माझा नातू हाय अजून. त्या डाक्टरणीला काय कळतंय?"

अहो, चूल विझली तरी राख ऊन असते! बाळ गेलं तरी त्याची खूण अंगात काही आठवडे रेंगाळते. मी तेवढीच ओळखते, बाळ मला दिसत नाही. हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

बयाबाईंनी मला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. अपेक्षाचं रक्त थांबलं नव्हतं, म्हणून तिला देवघर बंद. आणि तिच्याच लघवीत भिजलेली मी देवांच्या मांडीला मांडी लावून! मला लाज वाटली, त्यांना नाही. तपासणीही रद्द. "परत गोळ्या घालून मारतील पोराला." दीपकनेही आईचंच ऐकलं.

अपेक्षाला ताप चढला, पोटात कळा येऊ लागल्या. बयाबाई म्हणाल्या, "पोटुशीला दुखतंच गो."

शेवटी ती उठली, भिंत धरत सरळ देवघरात शिरली आणि मला उचललं.

"अगो, शिवू नको! इटाळ हाय तुला!"

"माझंच मूत हाय ते, आई." मग ती दीपककडे वळली. "गाडी काढा. नायतर मी चालत जाते."

महाडला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहिलंय. बाळ नाही, पिशवीत तुकडे राहिलेत, त्याचा ताप आहे. आणखी थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं."

शब्द तोच, राहिलंय. दीपकची मान खाली गेली.

अपेक्षा वाचली. मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या बादलीत पडलेय, कपाळावरचं कुंकू तसंच. माझी जागा हीच, तक्रार नाही. फक्त मला पुजू नका. माझ्यापाशी दोनच रेघा आहेत. तिला तोंड आहे, तिला विचारा.