सिस्टरच्या खिशातली कात्री

मी एक कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे, न्हाव्याचीही नव्हे. माझी पाती मध्येच वाकलेली आणि एका पात्याचं टोक बटणासारखं गोल. नवा माणूस मला उचलतो आणि म्हणतो, "ही मोडलीय वाटतं." मोडलेली नाही हो. जखमी माणसाच्या अंगावरचा कपडा कापताना त्याला टोचू नये, म्हणून मला असं घडवलंय.

मी कारखान्यात घडले, पण कामाला लागले ती सैन्याच्या इस्पितळात. मेट्रनबाईंनी बावीस वर्षांच्या एका मुलीच्या हातावर मला ठेवलं आणि दम भरला, "ही हरवलीस तर पट्ट्या दातांनी सोडवायच्या!" मुलगी हसली नाही. तिनं मला खिशात टाकलं आणि वरून बटण लावलं. पुढे सगळे तिला सिस्टर म्हणू लागले. मी जणू तिचं अकरावं बोटच झाले.

लढाई पेटली तेव्हा आमचं इस्पितळ एका रिकाम्या शाळेत होतं. बाकं जोडून खाटा केल्या होत्या. फळ्यावर खडूनं जखमींचे रक्तगट लिहिलेले असत. कोपऱ्यात कुणा पोराचा अर्धवट भागाकार राहिला होता, तो मात्र सिस्टर कुणाला पुसू देत नसे. जंतुनाशकानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मला उकळत्या पाण्यातून काढताना ती ओठ चावायची, पण कधी कुरकुरायची नाही.

एके दुपारी पटांगणात एक ट्रक येऊन थांबला. मागे नऊ जखमी होते. ड्रायव्हर खाली उतरला, ट्रकला टेकला आणि हसला. त्याच्या शर्टावर बरगडीखाली डाग होता.

"तुम्हाला काय लागलंय?" सिस्टरनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? हे दुसऱ्याचं रक्त आहे, सिस्टर. आधी मागच्यांना उतरवा."

तिनं मला हातात घेतलं होतं. एक पाऊल त्याच्याकडे टाकलंही होतं. तेवढ्यात ट्रकमधून कुणीतरी आईला हाक मारली आणि ती तिकडे धावली.

नऊ जणांचे कपडे मी कापले. चिखलानं कडक झालेले, कातडीला चिकटलेले. नऊही जण वाचले. मग सिस्टर ड्रायव्हरसाठी चहा घेऊन बाहेर गेली. तो पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसला होता. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

तेव्हा तिनं त्याचा शर्ट कापला. जखम नखाएवढी होती. रक्त सगळं आतल्या आत गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमची चूक नाही. गाडी चालवत आलेला माणूस धडधाकटच वाटणार." ती हो म्हणाली. पण मला धुताना तिचे हात थांबेनात. मी केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती धूतच राहिली.

लढाई संपली. तिनं लग्न केलं. नवरा पोस्टमास्तर, शांत आणि थट्टेखोर. मी शिवणाच्या डब्यात गेले. पुढे त्यांना मुलगा झाला. तो दहा वर्षांचा असताना सायकलवरून पडला आणि हसतच घरी आला. "काही नाही झालं, आई!" अंगात कोरा शर्ट होता, त्याच दिवशी पहिल्यांदा घातलेला. तिनं मला डब्यातून काढलं आणि गळ्यापासून खालपर्यंत तो शर्ट उभा फाडला. आत साधं खरचटलेलं होतं.

"अगं, लढाई संपली आता!" पोस्टमास्तर म्हणाले. ती हसली नाही. मुलगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पुढे त्या घरात हा विनोदच होऊन बसला. सूनबाई आली तेव्हा तिलाही बजावलं गेलं, "या घरात पडायचं असेल तर जुन्या कपड्यांत पड."

सिस्टर ऐंशीला टेकली. पोस्टमास्तर तोवर गेले होते. एका सकाळी मुलगा, त्याचेही केस आता पांढरे, तिच्या पायांची नखं कापत होता. सहज म्हणाला, "आई, एक विचारू? माझा तो शर्ट का गं फाडलास?"

आणि तिनं सांगितलं. ट्रक, डाग, चहाचा कप, सगळं. आवाज एकदाही कापला नाही.

त्यानं तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाला, "आई, त्याला ते नऊ जण पोचवायचे होते. तू त्याचंच काम पुरं केलंस."

"ते कळतं रे मला," ती म्हणाली. "पण नुसतं कळून भागत नाही."

मुलानं तिची समजूत काढली नाही. फक्त विचारलं, "दिसायला कसा होता?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढचे दात जरा पुढे आलेले, ती सांगू लागली, कान मोठे, आणि हसला तेव्हा एक डोळा मिटला होता. सांगता सांगता ती रडली. मी तिला रडताना प्रथमच पाहिलं.

सिस्टर जाऊन आता तीन महिने झाले. परवा सैन्याच्या संग्रहालयातून पत्र आलं. त्यांना तिच्या वस्तू हव्या आहेत, काचेच्या कपाटात मांडायला. मुलगा म्हणतो, मान आहे, देऊया. सूनबाई म्हणते, "मेडल द्या, फोटो द्या. पण या कात्रीला आईंनी कधी बसवून ठेवलं होतं का?" अजून काही ठरलेलं नाही. मी टेबलावर पडून ऐकते आहे.

मला विचारलं तर सांगेन. माझा खिळा सैल झालाय, तो आवळा. पात्यांना धार लावा. मग मला अशा जागी ठेवा, जिथे घाईत असलेला हात चटकन पोचेल. कुलूप तेवढं लावू नका.