देव्हाऱ्यातलं मीटर

मे महिन्याच्या टळटळीत उन्हात बोरमळ्याच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात अख्खं गाव दाटीवाटीनं उभं होतं आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या विजेच्या मीटरला लागले होते. मीटरवर हळदीकुंकू, झेंडूची माळ, समोर पाटावर तांब्याचा कलश. आत एक बारका लाल दिवा भराभर लुकलुकत होता. वर्गांतले पंखे मुद्दाम चालू ठेवले होते. मागे बोअरची मोटर घुंइं करत टाकी भरत होती.

कलशाशेजारी प्रवाहनाथ महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी आणि खिशाला टेस्टर. असा साधू मी जन्मात पाहिला नव्हता. दौंडकडच्या बऱ्याच शाळांचं बिल आपण उतरवून आलोय, असं ते सांगत होते. कुठल्या शाळा, ते कुणी विचारलं नाही.

"वीज म्हंजी साक्षात शक्ती," महाराज सांगू लागले. "तुम्ही तिला तारेत कोंडता, बटण दाबून तिचा गळा आवळता. मग ती कोपणार न्हाई तर काय? तिला वाहू द्या. हा कलश तिच्यातली निगेटिव्ह एनर्जी वढून घील, आन् मीटर शांत व्हईल."

मग मंत्राला शांतता हवी म्हणून त्यांनी मोटर बंद करायला सांगितली. मोटर थांबली. डोळे मिटून मंत्र झाला, कलश मीटरला टेकवला, आणि लाल दिव्याची लुकलुक खरोखरच मंदावली. बायाबापड्यांनी हात जोडले. सरपंच बापूसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

मी या केंद्राचा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहाबारा सरकारी शाळांवर देखरेख करणारा माणूस. माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरचेही म्हणतात. मी तिथल्या तिथं म्हणालो की वीज जास्त ओढली तर तो दिवा भराभर लुकलुकतो, कमी ओढली तर सावकाश. सगळ्यात जास्त वीज खाणारी मोटर यांनी आपल्या देखत बंद करवली. पुन्हा चालू करा आणि बघा. महाराज हसले. मोटर आता संध्याकाळपर्यंत लावायची नाही, कलश कच्चा आहे, म्हणाले. आणि बापूसाहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "सायेब, तुमाला दह्यात बी काळं दिसतं. पोरांच्या शाळंचं भलं व्हतंय, हू द्या."

त्या शाळेचं भलं याआधी कसं होत होतं, ते सांगायला हवं. आमच्या शाळांची वीज दर उन्हाळ्यात बिल थकून तुटायची. म्हणून आम्ही केंद्रातल्या सगळ्या शाळांत एक साधं काम धरलं होतं. वर्ग कमी तापावेत म्हणून छताच्या पत्र्यांना पांढरा रंग दिला, जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, दर आठवड्याला वर्गातलं एक मूल बटणांवर लक्ष ठेवायचं. बोरमळ्याच्या हर्षदा बाईंनी त्यात भर घातली. मुलं रोज सकाळी मीटरवरचा आकडा व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहीत आणि कालचा आकडा त्यातून वजा करत. बिल निम्म्यावर आलं होतं. त्यात चमत्कार काही नव्हता, आणि गावाला बहुधा तेच रुचलं नसावं.

ती वजाबाकी करायची पाचवीतली दीक्षा. तिला मीटर दिसत नसे. पोरं आकडा ओरडून सांगत आणि ही मनातल्या मनात उत्तर देई. तिची नजर हळूहळू जात होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या आईला, सुलक्षणाला, स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार थांबत नाही. पुढं बोटांनी वाचायला शिकावंच लागेल, पण अजून एखादं वर्ष मोठी अक्षरं दिसतील. तोवर डोळ्यांनी जेवढं वाचून होईल तेवढं वाचू द्या.

सुलक्षणा कारेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. घरी मोठी अक्षरं आणायची कुठून? शाळेत होती. लोकवर्गणीतून घेतलेल्या मोठ्या टीव्हीवर हर्षदा बाई पुस्तकाचं पान लावत आणि अक्षर तळहाताएवढं करत. शाळा सुटल्यावर तासभर ती पोर पडद्याला नाक लावून वाचत बसे. त्या वर्षी तिला गोष्टींची सगळी पेटी संपवायची होती. बाईंनी एकदा विचारलं, एवढी घाई कशाला? तर म्हणाली, अक्षरं कशी दिसतात ते पाठ करून ठेवतेय.

जूनमध्ये शाळा उघडली आणि बिल आलं. अगदी किरकोळ. बापूसाहेबांनी ते गावभर दाखवलं. मी म्हणालो, बाबांनो, शाळा सुट्टीत बंद होती, पंखा फिरला नाही, बिल कुठून येणार? पण जुलैचंही तेवढंच आलं, ऑगस्टचंही. आता माझ्याच तोंडाला कुलूप बसायची वेळ आली.

तोवर मीटरला सागवानी देव्हारा झाला होता. आमच्याकडं खंडेनवमीला नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्याला हळदीकुंकू लागतं, मीटरलाही लागतं. हातानं काम करणाऱ्या माणसानं हत्याराला नमस्कार करावा, ही चांगलीच रीत आहे. पण नमस्कार झाल्यावर नांगर शेतात जातो. आम्ही मीटर देव्हाऱ्यात घातलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली महाराजांच्या मठात पाठवली. फळ्यावर आकडा लिहिणं थांबलं. महाराजांची आज्ञा होती की बटण बंद करायचं नाही, प्रवाह तुटला की कलश फुटेल. पंखे सुट्टीच्या दिवशीही गरगरत. खिचडी करणाऱ्या शेवंताबाई भरदुपारी पेटलेल्या दिव्यांना हात जोडून आत जात. केंद्रातल्या दुसऱ्या शाळाही मला विचारू लागल्या, आमच्याकडं कधी येणार महाराज?

पालकांच्या सभेत कलशासाठी नवी वर्गणी ठरत होती, तेव्हा दीक्षा उभी राहिली. सुलक्षणानं तिचा हात ओढला, पण ती बोललीच.

"बापूसाहेब, रीडिंगवाले दादा मीटर बघत्यात कुठनं? त्ये तर आत हाय."

बापूसाहेब हसले. "आगं, त्यांची मशीन हाय. त्यांना समदं कळतं."

"न दिसता न्हाई कळत," ती म्हणाली. "मला फळा दिसत न्हाई, तवा मी आदल्या वळीवरनं अंदाज करते. त्ये बी मागल्या बिलावरनं अंदाज करत असतील. आन् मागलं बिल तर सुट्टीतलं हाय."

मी वीस ठिकाणी डोकं खाजवलं होतं आणि उत्तर जिला धड दिसत नाही अशा एका पोरीकडं होतं, कारण न दिसल्यावर माणूस काय करतो हे आमच्यात फक्त तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की मीटर कुलपात आहे, रीडिंगवाल्याला फोटो मिळत नाही. अशा वेळी शेवटच्या खऱ्या बिलाचीच सरासरी धरून बिल जातं. कुलूप निघालं की खरा आकडा लागेल आणि राहिलेलं सगळं एकदम येईल. बिलावर तसं छापलेलंही असतं. गावानं ते बिल देवापुढं ठेवलं होतं, वाचलं नव्हतं.

मी बापूसाहेबांच्या हातापाया पडायचा तेवढा राहिलो. कुलूप तोडा म्हटलं. ते म्हणाले, देव्हारा फोडला तर गाव मला फोडील. हर्षदा बाईंनी निदान बटणं बंद करायला सुरुवात केली, तर चार जणांनी येऊन त्यांना बदलीची भीती घातली. कंपनीची नोटीस आली. ती कलशाखाली ठेवण्यात आली, महाराज तिचं निवारण करतील म्हणून. महाराज तेव्हा कुठंतरी दुसऱ्या तालुक्यात निवारण करत होते.

दिवाळीनंतर कंपनीची माणसं पोलीस घेऊन आली आणि कुलूप तोडलं. आकडा बघून त्यांच्यातला एक जण शिट्टी वाजवता वाजवता थांबला. अर्ध्या वर्षात रात्रंदिवस जळलेले दिवे, फिरलेले पंखे, सगळं त्यात जसंच्या तसं मोजलेलं होतं. मीटरनं एक क्षणही डोळा मिटला नव्हता. बिल भरणं शाळेच्याच काय, ग्रामपंचायतीच्याही आवाक्यात नव्हतं. मुदत गेली आणि खांबावरून वायर काढली. टीव्ही काळा झाला.

ग्रामसभा भरली. हर्षदा बाईंनी सगळ्यांदेखत कलश उपडा केला. आतून वाळू निघाली, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणि नाडा बांधलेला एक खिळा. मी एक सुटं मीटर मागून आणलं, त्यावर दिवे कमीजास्त लावून लुकलुक कशी वाढते आणि मंदावते ते दाखवलं, सरासरी बिल म्हणजे काय ते फळ्यावर मांडलं. आता तरी माना डोलतील असं मला वाटत होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "कलश व्हता तवर वीज व्हती ना? त्या पोरीनं सभेत टोकलं, तवापास्नं फिरलं."

दुसरा त्याच्यापुढं गेला. "देव्हाऱ्यापशी कुनीबी जायाचं म्हंजी असंच व्हायाचं."

कुणीबी म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. सुलक्षणाचं घर बौद्धवस्तीत आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. दीक्षा त्या देव्हाऱ्याच्या जवळही कधी गेली नव्हती. तिनं फक्त प्रश्न विचारला होता. सभेत तिच्या बाजूनं मी बोललो, बाई बोलल्या, आणि बाकीच्यांनी खाली बघितलं. खाली बघणाऱ्यांचाच मला जास्त राग आला, अजूनही आहे.

सुलक्षणा उठली. पोरीचा हात धरून म्हणाली, "माझ्या पोरीनं इचारलं ते खरं का खोटं, तेवढं गावानं सांगावं. मग धाडीन तिला शाळंत." आणि ती गेली.

गावानं काही सांगितलं नाही. कारेगावात भाड्याच्या खोलीत मायलेकी राहायला गेल्या. मी दोनदा जाऊन आलो. खोलीला एक झरोका, त्याखाली दीक्षा पुस्तक नाकाला लावून बसलेली. पुस्तकातली अक्षरं आता तिला मुंग्यांची रांग वाटतात, म्हणाली. सुलक्षणानं मोबाईलवर मोठी करून दाखवायचा प्रयत्न केला होता, पण तो मोबाईल तिच्याबरोबर कारखान्यात जायचा. मी म्हणालो, शाळेत वीज येईल लवकरच. माझं मलाच ते खोटं वाटलं.

वीज आली ती होळीनंतर. हप्ते पाडून घेण्यासाठी हर्षदा बाईंनी किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. मुलं पुन्हा आकडा लिहू लागली, बटणं बंद होऊ लागली. मग एके दिवशी बापूसाहेब एकटेच कारेगावला गेले. त्या खोलीच्या दारात उभं राहून, शेजारपाजारच्या देखत ते म्हणाले, "पोरी, तुझं खरं व्हतं. आमचं चुकलं." एवढं बोलायला त्या माणसाला चार महिने लागले, पण बोलले. त्याचा मान मी त्यांना देतो.

दीक्षा शाळेत आली. बाईंनी टीव्ही लावला, गोष्टींच्या पेटीतलं राहिलेलं पुस्तक काढलं, अक्षर तळहाताएवढं केलं. ती बघत राहिली. बाईंनी अक्षर आणखी मोठं केलं, मग आणखी. पडद्यावर एकच शब्द मावू लागला, तेव्हा तिनं तो वाचला. पुढचा शब्द लावला. तोही वाचला. तिसऱ्याला म्हणाली, "बाई, डोळं दुखत्यात. तुमीच वाचून दावा." बापूसाहेब दारात उभे होते. ते तिथून निघून गेले.

महाराज अजून फिरतायत. त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे, बघू. पण मला आज त्यांच्याविषयी लिहायचं नव्हतं. मला माझ्या गावांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे की वस्तूची पूजा जरूर करा, पण तिच्यावर झाकण घालू नका. कुणी चमत्कार दाखवला तर त्या क्षणी काय चालू होतं आणि काय बंद केलं गेलं, ते बघा. बिल कमी आलं तर ते का कमी आलं, ते वाचा. आणि भरसभेत एखादं लेकरू प्रश्न विचारत असेल, तर ते कुणाचं आहे हे बघण्याआधी त्याला उत्तर द्या, त्याच दिवशी द्या. बोरमळ्याच्या शाळेचे हप्ते दोन वर्षांत फिटतील. दीक्षाचे अंधारात गेलेले महिने तिला कुणीही परत करू शकत नाही. तिच्याजवळ तेवढेच होते.