करवतीची ओळ

आमच्या गुरुद्वारात रोज सकाळची अरदास मी म्हणतो. सगळे हात जोडून उभे राहतात, मी सर्वांच्या पुढे उभा राहून प्रार्थना म्हणत जातो आणि प्रत्येक टप्प्याला मागून ‘वाहेगुरू’ येतं. अठ्ठावीस वर्षांत माझा एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. दुसऱ्या कुणाचा झाला तर मी तिथल्या तिथे सुनावतो. एकदा खुद्द व्याह्यांना सुनावलं; ते अजून माझ्याकडे चहा घेत नाहीत. लोक पाठीमागे मला हवालदार म्हणतात. म्हणोत बापडे.

या अरदाशीत एक ओळ आहे. ज्यांनी धर्मासाठी मस्तकं दिली, ज्यांचा सांधा न् सांधा तोडला, ज्यांना चक्रावर चढवलं, ज्यांना करवतीनं चिरलं आणि तरी ज्यांनी धर्म सोडला नाही, त्यांना आठवा, असं ती सांगते. आम्ही भावंडं ती दुधाचे दात पडायच्या आधी शिकलो. घरात लग्न असो, नवं दुकान असो की पोरीचा परीक्षेचा निकाल, ती ओळ येतेच. परक्याला वाटेल, आनंदाच्या दिवशी हे काय अभद्र! पण दुसऱ्यांचा धर्म वाचावा म्हणून आमच्या नवव्या गुरूंनी मस्तक दिलं. त्याआधी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे शिष्य भाई मतीदास यांना करवतीनं उभं चिरलं. ज्या घराचा पाया असा घातलाय, त्या घरातल्या माणसांनी तो विसरायचा कसा?

आता योगायोग म्हणा, आमचा धंदाही करवतीचाच. माझी आणि दादाची सॉ मिल आहे. ओंडके येतात, फळ्या होऊन जातात. चार महिन्यांपूर्वी एक ओली फळी पट्ट्याच्या करवतीत अडकली आणि मशीन बंद न करताच दादानं ती ओढायला हात घातला. जे करू नका म्हणून कामगारांना जन्मभर ओरडला, नेमकं तेच त्यानं केलं. उजवा पंजा मनगटापासून गेला.

जखम भरली, पण दादा घरातून बाहेर पडेना. मिलमध्ये नाही, गुरुद्वारात नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी रोज जाऊन बसायचो, मिलच्या गोष्टी काढायचो. तो हूं का चूं करायचा नाही. एकदाच बोलला. म्हणाला, मिल विकून टाक.

एका दुपारी वहिनी मिलमध्ये आली. इतक्या वर्षांत ती कधी आत आली नव्हती. भुशात पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, उद्या त्यांना गुरुद्वारात घेऊन येते, कसेबसे तयार झालेत.

“पण भावोजी, उद्याच्या दिवस ती करवतीची ओळ गाळा.”

माझा पारा चढलाच. वहिनी शांतपणे सांगत राहिली. करवतीचा विषय निघाला तरी ते ताट ढकलतात. उद्या तिथून उठून आले, तर पुन्हा उंबरा ओलांडणार नाहीत. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. आई गेल्यावर मला वहिनीनंच वाढवलं. दुसरं कुणी असतं तर मी हाकलून दिलं असतं. तिला हो म्हणालो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दुसऱ्या दिवशी दादा आला. त्याच्याकडे न बघता मी पुढे उभा राहिलो आणि अरदास सुरू केली. ती जागा आली, तशी मी ओळ ओलांडली आणि थेट पुढचं म्हणू लागलो. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं मागच्या चाळीस माणसांचं झालं. दोनतीन जणांनी अर्धवट ‘वाहेगुरू’ म्हटलं आणि तेही गप्प झाले. मी रेटून पुढे निघालो.

“थांब,” मागून दादा म्हणाला. “ओळ राहिली.”

अरदाशीत मागे वळून बघत नाहीत. मी बघितलं. दादानं डावा तळवा छातीपाशी उभा धरला होता आणि बाहीतून बाहेर काढलेलं मनगट त्याला टेकवलं होतं. चार महिने ते मनगट त्यानं वहिनीलाही नीट दिसू दिलं नव्हतं.

“दादा, तुझ्यासाठीच गाळली,” मी पुटपुटलो.

“माझा हात माझ्या मूर्खपणानं गेला. त्यात शहादत कसली? त्यांना तर धर्म सोडता का म्हणून विचारलं होतं. एकदा मान हलवली असती तर सुटले असते.” तो दम घ्यायला थांबला. “माझा हात आत होता आणि पट्टा थांबत नव्हता, तेवढा वेळ मी त्या ओळीला धरून होतो. ती काढलीस तर मी कशाला धरू?”

साडेतीनशे वर्षांपूर्वी करवतीखाली उभा राहिलेला एक माणूस आमच्या मिलमध्ये येऊन माझ्या भावाला सावरून गेला होता, आणि त्यालाच मी आज दारातून परत पाठवत होतो. मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. मी अरदास पहिल्यापासून सुरू केली. त्या ओळीवर मी अडलो, तेव्हा उरलेली ओळ दादानं पुरी केली.

बाहेर जोडे घालताना मी विचारलं, मग चार महिने आला का नाहीस? तो वहिनीची नजर चुकवून म्हणाला, हात जोडता येत नाहीत ना. वहिनी आणि मी करवतीला भीत बसलो होतो, आणि दादाला लाज वाटत होती ती जोडता न येणाऱ्या हातांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मिलमध्ये आला. कामगार न सांगता बाजूला झाले. पट्टा ताणलेला आहे का, ते त्यानं वाकून बघितलं, फळीवरचा भुसा फुंकला आणि डाव्या हातानं बटण दाबलं. करवतीचा आवाज चढत चढत कानठळ्या बसवू लागला. दादा जागचा हलला नाही. मीच दोन पावलं मागे सरलो.